बसवणप्पा आणि बिनडोळ्यांचा झिंगा

बसवणप्पा चालायला लागले की मागून येणाऱ्याला वाटायचं, हा माणूस आता कुठल्याही क्षणी खाली बसणार. खांदे पडलेले, त्यातल्या एकावर कातडी पिशवी, हातात छत्री, आणि पाय उचलण्यापेक्षा ओढण्याकडे जास्त कल. पण ते बसायचे नाहीत. त्याच चालीनं सकाळी दवाखान्यातून निघायचे आणि दिवस मावळेपर्यंत तीन गावं करून परत यायचे. त्यांच्याबरोबर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा रस्त्यात बसलो तो मीच.

निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. बसवणप्पा तिथं देवी टोचायला होते. पोरांना देवी टोचायच्या, पटकीची साथ आली की गावोगाव फिरायचं, आणि उरलेलं वर्ष विहिरी-बारवांत लाल दवा, म्हणजे परमँगनेट, टाकत राहायचं, अशी त्यांची नोकरी. खेड्यातले लोक त्यांना ‘देवी डॉक्टर’ म्हणत. खरे डॉक्टर त्यांना ‘ए अप्पा’ म्हणत. ते उमरग्याकडचे लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी आणि दफ्तरात उर्दू, पण तिन्ही मिळून दिवसभरात बोलायचे ते मोजकंच. त्यातही निम्म्या वेळा एकच शब्द, ‘साकु’. म्हणजे पुरे. दुसरी भाकरी वाढली की साकु. मी गप्पा मारायला लागलो की साकु. डॉक्टर रागावून रागावून दमले, की हे खाली मान घालून पुटपुटायचे, साकु. डॉक्टरांना कानडी येत नव्हतं हे त्यांचं नशीब.

बायको-पोरं गावाकडे होती. हे दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायचे, आणि तिची भिंत माझ्या खोलीला लागून होती. पहाटे ते गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करत तेव्हा त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकू यायचा नाही. देवाशीही मोजकंच बोलत असावेत.

टोचणाऱ्या माणसाचं खेड्यात स्वागत कसं होतं ते मी पाहिलं आहे. देवी डॉक्टर वेशीत दिसला की बाया पोरांना कणगीत लपवायच्या, नाहीतर मळ्यात पळवायच्या. दुसरे टोचणारे शिपाई पुढे घालून दारं वाजवत. अप्पा एखाद्या ओट्यावर नुसते बसून राहायचे. तासाभरानं एखादी आई दबकत यायची आणि विचारायची, दुखतं का. बाकीचे सांगत, मुंगी चावल्यागत वाटतं. अप्पा सांगत, “दुखल. दोन-तीन दिवस ताप यील. पोरगं रडल. पर देवीनं मरायचं न्हाय.” ती बाई विचारात पडायची आणि आत जाऊन पोराला घेऊन यायची. ताप खरंच तीन दिवस यायचा आणि चौथ्या दिवशी उतरायचा, म्हणून पुढच्या खेपेला चार बाया आपणहून यायच्या. ज्या गावांत दुसऱ्याला पाणी कुणी विचारलं नसतं तिथं अप्पांच्या शब्दाला हे वजन होतं, आणि ते त्यांनी असं एकेका पोराच्या दंडावर मिळवलं होतं.

सरकारी नोकरीत मात्र खरं बोलणं ही एक हौसच म्हणायची. दौऱ्याचं रजिस्टर आम्ही सगळे बसल्या जागी भरत असू. अप्पांच्या रजिस्टरात असायचं, ‘पोटात दुखत होतं, गेलो नाही.’ किंवा, ‘गेलो, पण बारव कोरडी होती. दवा परत आणली.’ एकदा उस्मानाबादहून मोठे साहेब तपासणीला आले. लाल दवा पुरते ना, असं त्यांनी सहज विचारलं. डॉक्टर म्हणाले, जी, भरपूर आहे. साहेबांची नजर चुकून अप्पांवर गेली, आणि अप्पा म्हणाले, “दिवाळीपासून न्हाय साहेब.” साहेब गेल्यावर डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. दूरचे, चढाचे, उन्हाळ्यातले सगळे दौरे त्या दिवसापासून अप्पांच्या नावावर चढले. त्यातच येडशीच्या पलीकडे डोंगराच्या पोटाला असलेली करंजवाडी आली, आणि करंजवाडीची बारव आली.

नारू ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा किडा निघतो, आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागतो. तुटला की माणूस गेलाच कामातून. पायऱ्यांची बारव हे त्याचं घर. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो, त्याच्या पायातून नारूची पिल्लं पाण्यात उतरतात, पाण्यातल्या टाचणीच्या टोकाएवढ्या जिवांत शिरतात आणि पिणाऱ्याच्या पोटात जातात. अप्पा जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा घागरीच्या तोंडाला बांधून पाणी गाळत, मग तो तुकडा उन्हात धरून लोकांना दाखवत. बघा, हे तुम्ही पिताय. लोक बघत, हळहळत, आणि तेच पाणी भरून घरी नेत. मग अप्पा दवा टाकत.

करंजवाडीच्या बारवेत उन्हाळ्यात पाणी अगदी तळाला गेलं होतं. खडकाच्या भेगेतून झरा येतो तिथलं पाणी त्यांनी गाळलं, आणि फडक्यावर काहीतरी पांढरं वळवळलं. दुपारी ते दवाखान्यात आले, काचेची बरणी माझ्या टेबलावर ठेवली आणि काटे काढायचं भिंग मागितलं.

मी भिंगातून पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढा, झिंग्याच्या अंगलटीचा, आरपार दिसणारा जीव होता. पाय मोजता येत नव्हते इतके. लांब मिशा. आणि डोळे असायला हवेत तिथं काहीच नाही. मी म्हटलं, आंधळा आहे बिचारा.

“आंधळा न्हाय,” अप्पा म्हणाले. “आंधळ्याला डोळं असत्यात, दिसत न्हाय. ह्याला डोळंच न्हाईत. खडकाच्या आत अंधारात ऱ्हातो. लागलंच न्हाईत ह्याला.”

त्या दिवशी ते जेवढं बोलले तेवढं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. सगळ्या तालुक्याच्या बारवा मी गाळल्यात, म्हणाले, वर्षानुवर्षं गाळल्यात, हा कुठंच नाही. फक्त तिथंच आहे. मग बरणी झाडाच्या सावलीत ठेवली, दर तासाला जाऊन बघितली, आणि दुसऱ्या दिवशी तीन कोस चालून त्या तांदळाच्या दाण्याला त्याच्या बारवेत सोडून आले. रजिस्टरात नोंद केली, ‘करंजवाडी, खासगी कामासाठी.’ त्या दिवसाचा पगार डॉक्टरांनी कापला, आणि अप्पांना त्यात काही गैर वाटलं नाही.

मी त्यांना एकदा विचारलं, अप्पा, माणसं नारूनं खाटेला खिळलीत आणि तुम्ही एका किड्यामागे लागलात. त्यांनी हातातलं फडकं पिळून वाळत घातलं. मग म्हणाले, “पंधरा वर्सं झाली कंपाउंडर, पाण्यातले जीव मारायचा पगार घेतो म्या. मारायलाच पायजेत, त्यात वाद न्हाय. पर ह्यानं कुणाचं कायबी केलं न्हाय. ह्यो एक तरी ऱ्हावा.”

शाळेच्या मास्तरांकडून त्यांना कळलं की कलकत्त्याला एक कचेरी आहे, तिथं देशभरच्या प्राण्यांची नोंद होते आणि नव्याला नाव मिळतं. अप्पांनी तीन झिंगे आणले. चौथा फडक्यात आला होता, तो परत सोडला. ते भिजवून पाठवायला स्पिरिट हवं होतं, आणि स्पिरिटची बाटली माझ्या ताब्यात होती. डॉक्टर रोज तिच्यातली पातळी बघायचे. मी निम्मं स्पिरिट आणि निम्मं पाणी घालून छोटी शिशी भरून दिली. तांदळाएवढ्या जिवाला किती कडक लागणार, असं मी मनाला सांगितलं. पत्रही मीच लिहिलं. माझं इंग्रजी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपुरतं होतं, त्यामुळे पत्राचा शेवट कसा करावा ते सुचेना. ‘हलवून घ्यावे’ एवढं लिहायचं मी टाळलं.

उत्तर येईना. तेवढ्यात वरून हुकूम आला की तालुक्यात नारू वाढलाय, एकही बारव दवेवाचून राहता कामा नये. करंजवाडीला एक आडही होता. दोरानं पाणी ओढायचं, आत कुणी उतरत नाही, म्हणून नारूचं भय नाही. लोकांनी पिण्यासाठी बारवेचं पाणी सोडलं, तर तिथं दवा टाकायची गरज उरत नव्हती. अप्पांनी वाडीला हे समजावून सांगायला सुरुवात केली. तीन महिने सांगत होते. असा असा जीव आहे, दुसरीकडे कुठंही नाही, दवेनं मरेल, तुम्ही आडाचं प्या. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आडाचं पाणी मचूळ आहे, डाळ शिजत नाही. एका किड्यासाठी आम्ही मचूळ पाणी प्यायचं का? त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी असतो तर हेच म्हणालो असतो.

एके दिवशी ते परत आले आणि जेवले नाहीत. भाकरी झाकून ठेवली. मी कारण विचारलं तर म्हणाले, “खोटं बोललो.”

मला हसू आलं. मी दुपारच्या जेवणाआधी दहा वेळा खोटं बोलत असे. पण त्यांचं तोंड बघून हसू आवरलं. बारवेला लागून पारूआक्का म्हणून एका लिंगायत म्हातारीचं घर होतं. वाडी तिचं ऐकायची. अप्पांनी तिला सांगितलं होतं की बारवेतला तो पांढरा जीव महादेवाचा आहे, त्याच्या पाण्याला कुणी घागर लावू नये. म्हातारीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, हात जोडले, आणि दुसऱ्या दिवसापासून करंजवाडीनं मचूळ पाण्यात डाळ शिजवायला घेतली. तीन महिने खरं सांगून जे झालं नाही ते एका वाक्यात झालं. “लिंगाला हात लावून न्हाय बोललो,” अप्पा म्हणाले. “तेवढं तरी केलं.”

रजिस्टरात त्यांनी लिहिलं, ‘बारवेचं पाणी पिण्यास वापरत नाहीत. दवा टाकली नाही.’ ते खरंच होतं. वर्षभर ते तिकडे जात राहिले, फडकं उन्हात धरून बघत राहिले. येऊन मला एवढंच सांगायचे, आहेत. त्या एका शब्दानं त्यांचा आठवडा चालायचा.

मग रझाकारांचे दिवस आले. गावोगाव भीती पसरली. डॉक्टरांनी दौरे बंद केले, आणि सात-आठ महिने अप्पा तालुक्याच्या गावाबाहेर पडले नाहीत. रिकामे बसले की ते जास्तच थकलेले दिसायचे. मी त्यांना पत्ते खेळायला बोलवायचो. ते यायचे, हरायचे आणि साकु म्हणून उठायचे.

श्रावणात कलकत्त्याचं पत्र आलं. वाटेत कुठं कुठं अडकून, फोडून, पुन्हा चिकटवून ते पोचलं होतं. मी शब्द जुळवत वाचून दाखवलं. तिन्ही नमुने कुजलेल्या अवस्थेत मिळाले, बहुधा स्पिरिट पातळ असावं. परंतु एकाचं डोकं शाबूत होतं, आणि त्यावरून हा प्राणी आजवर कुणी नोंदवलेला दिसत नाही. कडक स्पिरिटमध्ये आणखी दहा पाठवल्यास त्याला नाव देता येईल, आणि ती विहीर राखून ठेवावी असं वरिष्ठांना लिहिता येईल.

मी सांगून टाकलं की शिशीत निम्मं पाणी होतं.

“ठाव हाय,” ते म्हणाले. “वासावरनंच कळलं हुतं. तुमाला तरी किती मागायचं.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी कडक स्पिरिटची भरलेली बाटली अप्पांच्या पिशवीत घातली, रजेचा अर्ज दिला आणि त्यांच्याबरोबर निघालो. डॉक्टर ओरडत राहिले.

आम्ही मंगळवारी दुपारी करंजवाडीला पोचलो. बारवेच्या अलीकडेच वास आला. आंबलेल्या दुधाचा. वरच्या पायरीपासून कुंकू सांडलेलं, दिव्यांचं तेल ओघळलेलं, नारळाच्या करवंट्या पडलेल्या. खाली पाण्यावर बेलाच्या पानांचा थर आणि त्यावर पांढरट साय. पारूआक्का आनंदानं बाहेर आली. तिनं सांगितलं ते असं. रझाकार येणार अशी आवई उठली तेव्हा वाडीनं बारवेतल्या महादेवाच्या जिवाला नवस बोलला. वाडीवर कुणी आलं नाही. म्हणून श्रावणातल्या दर सोमवारी दुधाचा अभिषेक सुरू झाला. आता चार गावचे लोक येतात. येताना तांब्याभर दूध आणतात, जाताना बारवेचं तीर्थ पिऊन जातात.

अप्पा धोतर खोचून पायऱ्या उतरले आणि पानं बाजूला सारून फडकं पाण्यात घातलं.

तीन दिवस आम्ही बारव गाळली. फडक्यावर कुजकी पानं यायची, डासांची पिल्लं यायची, आणि नारू पसरवणारे ते टाचणीच्या टोकाएवढे जीव तर झुंडीनं यायचे. पांढरं काही आलं नाही. झऱ्याच्या भेगेशी अप्पा फडकं धरून गळ्याइतक्या पाण्यात तासन्‌तास उभे राहायचे. मी म्हटलं, आत खडकात असतील की अजून. त्यांनी वर न बघता सांगितलं, “असतील. नसतील. बघितल्याबिगर कसं सांगू?” शुक्रवारी ते पायरीवर बसले. मी त्यांना असं मध्येच बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी भरलेली बाटली पुन्हा पुन्हा पिशवीत नीट ठेवत राहिलो.

मी परत जाऊ म्हणालो. ते म्हणाले, सोमवार होऊ द्या.

सोमवारी सकाळी माणसं आली. एका माणसाच्या पायाला काडीला गुंडाळलेला नारू होता, आणि तो त्याच पायानं पाण्यात उतरून दूध घालत होता. त्याच्या मागे बाया पोरांच्या तोंडात तीर्थ सोडत होत्या. अप्पा वरच्या पायरीवर उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा नव्हताच, पण लोक गप्प झाले.

“म्या सांगितलं हुतं ते खोटं हाय,” ते म्हणाले. “ह्यात देव न्हाय. एक जीव हुता, दुसरीकडं कुठंबी नसलेला. त्यो मरू नये म्हणून म्या खोटं बोललो. आता त्योबी दिसत न्हाय. दूध घालू नका. आन् हे पाणी पिऊ नका, ह्यात नारू हाय.”

पारूआक्का पुढं आली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाच होती.

“अप्पा, पोरांना टोचताना सुदिक तुमी खोटं बोलला न्हाईत. आन् देवाच्या बाबतीत बोलताल व्हय?” ती म्हणाली. “कुणाच्या धाकानं आज आसं बोलताव, ते कळतंय आमाला. तुमी घोर करू नका.”

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी अप्पांच्या पाठीवरून हात फिरवला. नारूवाल्या माणसानं तांब्यातलं उरलेलं दूध पाण्यात ओतलं.

अप्पांनी माझ्याकडून पिशवी घेतली. दवेची पुडी तिच्यात होतीच, ती कायमच असायची. खडकाच्या आत कुठं एखादा झिंगा जिवंत असला तर ही दवा त्याला सोडणार नव्हती. हे त्या सगळ्या माणसांत दोघांनाच माहीत होतं, आणि मी त्यांना थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार? ती पोरं पाणी पीत होती. अप्पांनी बादलीत दवा कालवली, खाली उतरले, आणि झऱ्यापासून सुरुवात करून हळूहळू सगळ्या बारवेत ओतली. दुधाळ पाण्यात जांभळा रंग पसरत गेला. लोक हात जोडून बघत होते. त्यांना वाटलं असावं, हीसुद्धा पूजाच आहे.

ते वर आले तेव्हा पारूआक्का वाटी घेऊन उभी होती. तिनं खाली उतरून ते रंगलेलं पाणी वाटीत घेतलं. पहिला मान तुमचा, म्हणाली. अप्पांनी हात पुढं केला. तिनं तीर्थ तळहातावर घातलं.

फडकं धरायचे तसा त्यांनी हात उन्हात धरला आणि त्या घोटभर पाण्याकडे खूप वेळ, अगदी बारकाईनं बघितलं. मागे रांग लागली होती. म्हातारी थांबली आहे हे ध्यानात आलं तेव्हा ते पिऊन टाकलं, आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.